सूट वयाला, नशेला नव्हे

मुलगा एकोणीस वर्षांचा. रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी आत शिरतो, सुरा काढून गल्ल्यावरच्या बाईसमोर धरतो, हाताला लागतील तेवढ्या नोटा घेतो आणि पळतो. सगळा प्रकार दीड मिनिटाचा. तासाभरात सापडतोही, कारण लांब पळून जाण्याइतकं डोकं ताळ्यावर नसतं आणि लुटीतले निम्मे पैसे तोवर नशेच्या पुडीत गेलेले असतात. गाव आणि देश बदला, बातमी हीच राहते. तिच्यामागून येणारा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, तो आजारी आहे, आजाऱ्याला तुरुंगात कसले पाठवता? दुसरी म्हणते, दहा वर्षं सडू द्या आत, म्हणजे पुढच्याला अक्कल येईल. वर्तमानपत्रं 'सशस्त्र दरोडा' असा मथळा देऊन मोकळी होतात. खरं तर आपल्या कायद्याच्या भाषेत पाचजण जमल्याखेरीज दरोडा होत नाही, एकट्यादुकट्याची ती जबरी चोरी. पण शब्द जड झाला की शिक्षेची अपेक्षाही जड होते.

दोन्ही बाजूंवर माझा आक्षेप एकच आहे. हा वाद निव्वळ घासाघीस होऊन बसला आहे: दहा, सात, तीन की शून्य वर्षं. शिक्षा म्हणजे जणू कापडाचा तागा, कुठे कातरायचा एवढाच काय तो प्रश्न. शिवाय त्या मुलाबद्दलच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी, त्याचं कोवळं वय आणि त्याचं व्यसन, दोघेही एकाच गाठोड्यात बांधतात. एकाला ते अख्खं गाठोडं दयेचं कारण वाटतं, दुसऱ्याला निव्वळ सबब. माझ्या मते गाठोडं सोडायला हवं. वयामुळे शिक्षा कमी व्हावी, ठळकपणे कमी व्हावी. व्यसनामुळे ती एक दिवसानेही कमी होऊ नये. त्या शिक्षेच्या आत काय घडेल आणि ती संपते त्या दिवशी काय घडेल, हे मात्र व्यसनानेच ठरवावं.

व्यसनाला सूट नको हे म्हणणं नवं नाही. ग्रीसमधल्या लेस्बॉस बेटावर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पिटाकस नावाच्या राज्यकर्त्याने कायदा केला होता, की दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला शुद्धीवरच्या माणसापेक्षा जबर दंड. बेटावर द्राक्षांची दारू मुबलक होती, तेव्हा गरजही असेल. ऍरिस्टॉटलने या कायद्याची दखल घेताना सांगितलं, की पिटाकसने नशेकडे सबब म्हणून पाहिलंच नाही, लोकांचं हित कशात आहे ते पाहिलं. स्वतः ऍरिस्टॉटलचा युक्तिवाद आणखी खोल जातो. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकायचा की नाही हे तुमच्या हातात होतं. आज व्यसनी माणसाला थांबता येत नसेल, पण सुरुवात न करणं त्याला शक्य होतं. आपल्या भारतीय दंडसंहितेची कलमं ८५ आणि ८६ (आता न्याय संहितेत २३ आणि २४) याच विचाराची वारस आहेत. नशा कुणी नकळत किंवा जबरदस्तीने चढवली असेल आणि त्यापायी आपण काय करतोय हेच कळेनासं झालं असेल, तरच बचाव मिळतो. स्वतःहून घेतलेली नशा ही ढाल होत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षा ठरवताना न्यायाधीश जी मार्गदर्शक तत्त्वं वापरतात, त्यांत लुटीच्या गुन्ह्याखाली एक गंमत आहे. गुन्हा दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली केला असेल, तर तो शिक्षा वाढवणारा मुद्दा. आरोपीने व्यसन सोडण्याचा निर्धार दाखवला असेल किंवा त्या दिशेने पावलं टाकली असतील, तर तो शिक्षा कमी करणारा मुद्दा. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा विरोधाभास वाटतो. मला वाटत नाही. नशेत असणं ही मागे पाहणारी गोष्ट आहे, सोडण्याचा प्रयत्न ही पुढे पाहणारी. तो दुसरा मुद्दा माणसाच्या आजच्या वागण्याला श्रेय देतो, व्यसन असण्याला नाही. हा फरक धरून ठेवला, तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

ऍरिस्टॉटलच्या दगडाला मात्र एक चीर आहे. दगड फेकला तेव्हा फेकणाऱ्याचं वय काय होतं? एकोणिसाव्या वर्षी सुरा घेऊन दुकानात शिरणाऱ्या मुलाचा पहिला झुरका किंवा चिकटवण्याच्या द्रवाची पहिली बाटली, जिचा वास घेऊन नशा करतात, ती पुष्कळदा बाराव्या-तेराव्या वर्षाची असते. कधी देणारा घरातलाच असतो. 'सुरुवात त्याने स्वतः केली' हे वाक्य तिथे कसं बोलायचं? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या वरिष्ठ न्यायालयाने १९९९ साली नेमका हाच पेच सोडवण्याचा प्रयत्न केला. न्यायाधीशांसमोर सशस्त्र लुटीचे इतके सारखे खटले येत होते, की न्यायालयाने नमुन्यादाखल एक चित्रच मांडलं: तरुण आरोपी, आधीचे गुन्हे नाहीत किंवा फारसे नाहीत, सुऱ्यासारखं जीव घेऊ शकणारं शस्त्र, फारसं नियोजन नाही, प्रत्यक्ष मारहाण जवळजवळ नाही पण धमकी खरी, समोर दुकानदार किंवा टॅक्सीवाल्यासारखा एकटा माणूस, रक्कम किरकोळ, गुन्हा कबूल. अशा चित्राला साधारण चार ते पाच वर्षं, असं न्यायालय म्हणालं. व्यसनाबद्दल त्याने स्वच्छ सांगितलं, की व्यसन हे केवळ व्यसन म्हणून शिक्षा कमी करण्याचं कारण नाही. मात्र ते जडलं तेव्हा आरोपी इतका लहान होता, किंवा परिस्थिती अशी होती, की त्याला निवड म्हणताच येणार नाही, तर ती गोष्ट विचारात घ्यावी. नीट पाहिलं तर ही सवलत नशेला नाही, बालपणाला आहे. माझं गाठोडं सोडण्याचं म्हणणं यापलीकडे फार नाही.

कठोर शिक्षा मागणाऱ्यांचे दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत आणि उदारमतवादी मंडळी त्यांना हात घालायचं टाळतात, याचा राग येतो. पहिला मुद्दा त्या गल्ल्यावरच्या बाईचा. तिच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर सुरा होता, तेव्हा धरणारा लोभी आहे की तलफेने वेडापिसा झालेला, याने तिला काय फरक पडत होता? पडत असेल तर उलटाच. थरथरत्या हातातला सुरा स्थिर हातातल्या सुऱ्यापेक्षा जास्त भीतिदायक असतो. त्यानंतर ती दुकान संध्याकाळी लवकर बंद करते, काचेचं दार वाजलं की दचकते, मुलीला गल्ल्यावर बसू देत नाही. न्यायालयाने 'बिचारा आजारी होता' असं म्हणून प्रकरण गुंडाळलं, तर तिला ऐकू येतं ते एवढंच, की तुझ्यावर जे गुदरलं ते हवामानासारखं होतं, कुणाचाच दोष नाही. हा तिचा दुसरा अपमान आहे. शिक्षेत निषेधाचा जाहीर स्वर लागतो, तो तिच्यासाठी.

दुसरा मुद्दा व्यसनी माणसांचाच आहे. बहुसंख्य व्यसनी कुणावर सुरा उगारत नाहीत. ते घरातली भांडी विकतात, उधाऱ्या करतात, खोटं बोलतात, स्वतःचं शरीर पोखरतात. तलफ माणसाला सुऱ्यापर्यंत अटळपणे नेते असं कायद्याने मान्य करणं, हा या साऱ्यांवर अन्याय आहे. तलफेपुढे माणसाचं काहीच चालत नाही हेही खरं नाही. व्हिएतनाममध्ये हजारो अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले, तेव्हा सरकारची झोप उडाली होती. संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे व्यसन जडलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्याच्या आहारी गेलेले जेमतेम पाच टक्के निघाले. भूमी बदलली, पुरवठा तुटला, सोबत बदलली आणि बहुतेकांची सुटका झाली. 'व्यसन म्हणजे आयुष्यभराची गुलामी' या समजुतीला याहून मोठा धक्का नसेल.

आता याच पुराव्याची दुसरी बाजू पाहा. सैनिक सुटले ते घरी परतल्यावर, वातावरण बदलल्यावर. आपला एकोणीस वर्षांचा मुलगा सात वर्षं आत राहून सुटतो, तेव्हा तो कुठे परततो? त्याच गल्लीत, त्याच पुडीवाल्याच्या नाक्यावर. रॉबिन्स यांच्या सैनिकांना सोडवणारी एकही गोष्ट त्याच्या शिक्षेत नसते. तुरुंगात नशा मिळत नाही असं मानणाऱ्याने तुरुंग पाहिलेला नाही. ती मिळाली नाही तरी एक वेगळाच सापळा तयार होतो. शरीराची सवय मोडते, सहनशक्ती घटते, आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांवरचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत सव्वाशे पटींहून अधिक होता. म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा तीन वर्षांची, आणि तिच्या शेपटाला कुणीही न सुनावलेला मृत्यूचा धोका. जे मरत नाहीत त्यांतल्या कितींना पंधराव्या दिवशी पैशांची गरज पडते, आणि ती कुणाच्या गल्ल्यातून भागते?

म्हणून मी म्हणतो, की व्यसन हा शिक्षेच्या लांबीचा प्रश्न नसून तिच्या आतल्या मजकुराचा आहे. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत छोटं राज्य. तिथे २०१६ साली तुरुंगांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी तलफ आटोक्यात ठेवणारी औषधं सर्व गरजू कैद्यांना द्यायला सुरुवात झाली, आणि सुटण्याआधीच बाहेरच्या दवाखान्याशी त्यांची गाठ घालून दिली गेली. २०१६ च्या पहिल्या सहामाहीशी २०१७ ची पहिली सहामाही ताडून पाहिली, तेव्हा अतिसेवनाच्या एकूण मृत्यूंमधला नुकत्याच सुटलेल्यांचा वाटा सुमारे ६१ टक्क्यांनी घटलेला दिसला. आकडे लहान आहेत, त्यांचे मृत्यू २६ वरून ९. एवढ्यावर कुणी ढोल पिटू नये. पण यात कुणाच्याही शिक्षेचा एक दिवस कमी करावा लागला नाही, हे कठोर बाजूने लक्षात घ्यावं. ज्याला निषेधाचा स्वर हवा आहे त्याला तो पूर्ण मिळाला, आणि कैदी जिवंत राहिला.

मग व्यसनावर उपचार घेणाऱ्याला थोडी सूट द्यायला काय हरकत आहे, असं विचारलं जाईल. जर्मनीचा अनुभव सांगतो. तिथल्या दंडसंहितेचं कलम ६४ न्यायाधीशाला शिक्षेबरोबरच बंदिस्त व्यसनमुक्ती संस्थेत ठेवण्याचा आदेश द्यायला सांगतं. कल्पना उत्तम. पण या वाटेने गेलेल्याला निम्म्या शिक्षेनंतरच सुटण्याची शक्यता असे, आणि संस्था भरभरून वाहू लागल्या. ज्यांचं व्यसन हा गुन्ह्यामागचा खरा धागा नव्हता, तेही या दारातून आत यायला लागले. शेवटी २०२३ साली कायदा बदलून अटी कडक कराव्या लागल्या आणि निम्म्याऐवजी दोन तृतीयांश शिक्षेचा नियम आला. व्यसनाच्या बदल्यात दिवस कमी होणार असतील, तर जो तो व्यसनी होणार. आणि दाखल्यासाठी बसलेल्यांच्या गर्दीत ज्याला खरंच उपचार हवेत त्याचा नंबर मागे जातो.

दाखल्याचा विषय निघालाच आहे, तर मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट सांगतो. व्यसनामुळे सूट मिळते तिथे ती कुणाला मिळते? ज्याच्या बापाला चांगला वकील करता येतो, खाजगी व्यसनमुक्ती केंद्राची फी भरता येते, आणि निकालाच्या आधी तीन महिन्यांचं प्रमाणपत्र, मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र, समुपदेशकाचा अहवाल अशी चळत न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवता येते, त्याला. त्याच गुन्ह्यातला दुसरा मुलगा जामीन न मिळाल्याने कोठडीत असतो. त्याने सुधारण्याचा प्रयत्न कुठे आणि कसा करावा? त्याच्याकडे दाखवायला कागद नाही, म्हणून निकालपत्रात वाक्य येतं, 'आरोपीने व्यसनमुक्तीसाठी कोणतेही प्रयत्न केल्याचे दिसत नाही.' एकाच सुऱ्याचे दोन भाव. मघाशी इंग्लंडच्या ज्या तत्त्वाचं मी समर्थन केलं, तेही या खड्ड्यात पडू शकतं, हे कबूल करायला हवं. प्रयत्नांना श्रेय द्यायचं असेल, तर प्रयत्नाची संधी आधी प्रत्येकाला सरकारी खर्चाने द्या, कोठडीत असलेल्यालाही. नाहीतर ते श्रेय म्हणजे बापाच्या पाकिटाला दिलेली सूट.

कोठडीबद्दल कुणीच बोलत नाही. सारी चर्चा निकालाच्या दिवसाभोवती फिरते, पण या मुलाच्या बाबतीत पहिला खरा निर्णय अटकेच्या रात्री होतो. बारा-चौदा तासांत त्याचं अंग फुटायला लागतं, नाक गळतं, जुलाब होतात, पोटऱ्यांत गोळे येतात. ही मुलं त्याला 'टर्की' म्हणतात. पोलिसांना ते नाटक वाटतं. त्या रात्री डॉक्टर आला तर उपचाराची सुरुवात होते. नाही आला, तर पुढे वर्ष-दीड वर्ष कच्चा कैदी म्हणून तो ज्यांच्यात राहतो, ते त्याला काय हवं ते कुठे मिळतं हे शिकवतात. निकाल लागतो तेव्हा न्यायाधीश उपचाराची वेळ ठरवायला बसलेले असतात, आणि ती वेळ दीड वर्षापूर्वीच टळलेली असते.

वयाकडे वळतो, कारण इथे माझा सूर बदलतो. वयाला सूट ही दया नाही. गुन्हा आणि माणसाचं वय यांचं नातं १८३१ सालीच बेल्जियन गणिती आडोल्फ केतलेने फ्रान्सच्या आकड्यांतून दाखवलं होतं: गुन्ह्याची प्रवृत्ती तारुण्याच्या सुरुवातीला उसळते आणि मग आपोआप ओसरते. तेव्हापासून देश बदलले, कायदे बदलले, पण या आलेखाची चढण आणि उतार कायम आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षं आत ठेवणं म्हणजे ज्या वयात तो बहुधा स्वतःहूनच थांबला असता, ती सारी वर्षं सरकारी खर्चाने विकत घेणं. शिवाय या वयात मित्रांच्या देखत, क्षणाच्या आवेगात, परिणामांचा अंदाज चुकवत निर्णय होतात, आणि चारित्र्य अजून घट्ट झालेलं नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अठरा वर्षांखालच्यांची फाशी रद्द केली, ती याच कारणांवरून. जर्मनीने तर १९५३ पासूनच अठरा ते वीस वर्षांच्या आरोपीला, त्याची परिपक्वता पाहून, बालगुन्हेगारांचा कायदा लावण्याची मुभा ठेवली आहे. आपल्याकडे मात्र अठराव्या वाढदिवसाला मध्यरात्री मुलगा कड्यावरून पडतो. आदल्या दिवशी मूल, दुसऱ्या दिवशी पूर्ण वाढलेला गुन्हेगार. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत हा कडा सोळाव्या वर्षापर्यंत अलीकडे ओढायची सोय केली.

कठोर बाजू इथे एक उदाहरण पुढे करू शकते, आणि ते खरोखर अवघड आहे. फ्लोरिडात एका सोळा वर्षांच्या मुलाने साथीदारांसह एका रेस्टॉरंटमध्ये सशस्त्र लुटीचा प्रयत्न केला. पहिल्या न्यायाधीशाने त्याला वर्षभर कोठडी आणि पुढे प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीत राहणं, असं सौम्य वागवलं. सुटून सहा महिने व्हायच्या आत तो पुन्हा लुटीच्या आरोपात सापडला. दुसऱ्या न्यायाधीशाने वैतागून जन्मठेप दिली, आणि त्या राज्यात पॅरोल, म्हणजे मुदतीआधी देखरेखीत सुटका, हा प्रकारच नसल्याने ती मरेपर्यंतची ठरली. सौम्यपणा वाया गेला, हे उघड आहे. पण हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०१० साली न्यायालयाने ती जन्मठेप रद्द केली. खून नसलेल्या गुन्ह्यात अल्पवयीनाला सुटकेची खरीखुरी संधी नाकारता येणार नाही, असं ते म्हणालं. मला या प्रकरणात दोन्ही न्यायाधीश चुकलेले दिसतात. पहिल्याने वर्ष दिलं, पण त्या वर्षात आणि नंतर काय करायचं ते ठरवलं नाही. दुसऱ्याने सतरा वर्षांच्या मुलाबद्दल साठ वर्षांचं भाकीत केलं.

भाकितांची हौस किती महागात पडते, हे १९९० च्या दशकातल्या अमेरिकेने पाहिलं. निर्दयी, कोवळ्या वयाच्या 'महाशिकारी' मुलांची लाट येणार, असा इशारा १९९५ साली जॉन डिइयुलियो या राज्यशास्त्रज्ञाने दिला. राज्याराज्यांत मुलांना प्रौढांच्या न्यायालयात खेचणारे कायदे झपाट्याने झाले. लाट आलीच नाही. किशोरांचे हिंसक गुन्हे त्याच सुमारास घसरू लागले होते. पुढे २०१२ च्या एका खटल्यात, मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात निवेदन देणाऱ्या अभ्यासकांत खुद्द डिइयुलियोंचं नाव होतं. कायदे मात्र माणसांइतक्या सहज शब्द मागे घेत नाहीत. आणि ज्यांना प्रौढांच्या तुरुंगात पाठवलं, त्या मुलांचं पुढे काय झालं? उपलब्ध अभ्यास तपासून एका तज्ज्ञगटाने २००७ साली निष्कर्ष काढला, की अशी मुलं बालन्यायालयात राहिलेल्या मुलांपेक्षा नंतर जास्त हिंसा करतात. कडक शिक्षेने समाज सुरक्षित होतो, हे गृहीत धरणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

आता सुऱ्याकडे. प्राणघातक शस्त्र वापरून केलेल्या जबरी चोरीला आपल्या कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे. पूर्वीचं कलम ३९७, आताचं ३११. शस्त्र बाहेर आलं की गुन्ह्याची जात बदलते, हे मला मान्य आहे. पण किमान शिक्षा न्यायाधीशाचे हात बांधते, आणि हात बांधलेला माणूस मग पायाने काम करतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली की फाशी होती. ज्युरी काय करत? डोळ्यांदेखत कितीतरी जास्त किमतीचा माल असला, तरी त्याची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवत. आपल्या न्यायालयांत सुरा किती इंचांचा होता, तो हस्तगत झाला का, त्याला 'प्राणघातक' म्हणायचं का, यावर जो कीस पाडला जातो, त्यातला काही भाग मला त्या एकोणचाळीस शिलिंगांचाच वंशज वाटतो. त्यात न्याय होतो तो चोरवाटेने, आणि चोरवाट सगळ्यांना सापडत नाही. त्यापेक्षा राजरस्ता बरा. १९५८ चा परिवीक्षा कायदा एकवीस वर्षांखालच्या आरोपीला शक्यतो तुरुंगात न पाठवण्याचं धोरण सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केलं आहे, की कलम ३९७ ची किमान शिक्षा या कायद्याच्या लाभाआड येत नाही. त्या प्रकरणातले आरोपी निम्मी शिक्षा भोगून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटले. कायद्यात दार आहे. ते वयाचं दार आहे, नशेचं नाही, हे पाहून मला बरं वाटलं.

उपचारवाल्या बाजूची एक चूक राहिलीच. ते पोर्तुगालचं नाव घेतात, मायामीत १९८९ साली सुरू झालेल्या व्यसनी आरोपींच्या खास न्यायालयांचं घेतात. पण पोर्तुगालने २००१ साली जे गुन्हेगारीतून बाहेर काढलं, ते स्वतःपुरता माल जवळ बाळगणं. लूट तिथेही लूटच आहे. अमेरिकेने त्या खास न्यायालयांना १९९४ साली केंद्राचा निधी दिला, तेव्हाच हिंसक गुन्ह्यांतल्या आरोपींना वगळलं. आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ३९ सुद्धा व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवतं, पण त्याच कायद्याखालच्या किरकोळ गुन्ह्यांत. म्हणजे ज्याने फक्त स्वतःचं नुकसान केलं त्याला उपचार, आणि ज्याचं व्यसन दुसऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचलं त्याला नुसता दंडुका. उपचाराची निकड नेमकी कुणाच्या बाबतीत समाजाला जास्त आहे? हा प्रश्न विचारायचं सोडून उपचारवाले आपला मुलगा हिंसक नव्हताच असं सिद्ध करत बसतात. तो हिंसक होता. सुरा होता. उपचार त्यासाठीच हवा.

माझ्या मनातला निकाल कसा असेल, ते सांगायला हवं. नुसत्या टीकेला काय लागतं. अटकेच्या रात्री डॉक्टर. गुन्हा सिद्ध झाल्यावर, इंग्लंडमध्ये काही महिने शिक्षा लांबणीवर टाकता येते तसा एक अवधी, ज्यात उपचार, तपासण्या आणि बाईच्या नुकसानीची भरपाई सुरू होईल, आणि हा अवधी श्रीमंत आरोपीला घरी आणि गरीबाला कोठडीत असा वाटला जाणार नाही. मग शिक्षा. सुरा होता म्हणून बहुतेक वेळा तुरुंग, पण वय एकोणीस म्हणून प्रौढाला मिळाला असता त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या वेगळ्या विभागात. नशेमुळे त्यातून काही वजा नाही, काही अधिकही नाही. इथे पिटाकसशी मी फारकत घेतो. त्याला दारूडे आवरायचे होते, पण ज्याचं शरीर औषधावाचून कोसळतं, त्याला दुप्पट दंडाची भीती कितपत आवरते? बाकीची वर्षं बाहेर, प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीत. तिथे तो घसरणार, हे धरूनच चालायचं. व्यसन पुष्कळदा पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही. एक तपासणी चुकली म्हणून उरलेली वर्षं आत, हा नियम म्हणजे फ्लोरिडाची पुनरावृत्ती. पुन्हा सुरा उचलला, तर मात्र गाठ वेगळी.

आणि निकालपत्राच्या शेवटी, जिथे वर्षांचा आकडा असतो, तिथेच आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: सुटकेच्या सकाळी दारात कोण उभं असेल, त्या दिवशीची गोळी कुठल्या दवाखान्यातून मिळेल, आणि तो रात्री कुठे झोपेल. गल्ल्यावरच्या बाईला त्या निकालाची प्रत द्यावी. ती बहुधा वर्षांचा आकडा आधी वाचेल, आणि तो तिला कमी वाटेल. मग खालच्या तीन ओळींवर येईल, कारण तो सुटेल त्या संध्याकाळी दुकान उघडं ठेवून गल्ल्यावर तीच बसलेली असणार आहे.